भिंतीवरचा डाग आणि वरच्या मजल्यावरचा कोहेन

दिमोना,
इस्राएल,
शावुओतचा सण होऊन गेल्यावरचा सोमवार

तीर्थस्वरूप रिबकाताई यांना धाकटी भावजय मिलका हिचा वाकून शालोम. (कंबर धरल्यामुळे मी वाकू शकत नाही, पण शालोम वाकलेलाच समजावा.) आपली साखर कशी आहे? डोळ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर हे पत्र आपण स्वतः वाचत असाल, आणि नसेल झालं तर शेजारची मुलगी वाचून दाखवत असेल; तसं असल्यास तिलाही शालोम, आणि काही मजकूर तिनं मनातल्या मनात वाचावा. ठाण्याच्या सिनेगॉगचं रंगकाम झाल्याचं कळलं. इथे आम्ही सर्व खुशाल आहोत. ऊन नेहमीचंच. मार्चपासून आभाळात ढगाचा ठिपका पाहिलेला नाही.

पत्र लिहिण्याचं कारण विशेष काही नाही. घरच्या भिंतीला ओल आली आहे, एवढंच. पण ओल का आली हे सांगायचं तर आपल्या बंधुराजांपासून सुरुवात करावी लागेल, कारण या घरात जे काही येतं ते त्यांच्यापासूनच सुरू होतं.

एझ्रा गिरणीतून निवृत्त झाले हे आपल्याला माहीत आहेच. निवृत्त माणूस घरात म्हणजे दारात आडवी लावलेली खाट, ना आत जाता येत ना बाहेर. म्हणून मीच त्यांना मंगळवारच्या वर्गाला धाडलं. (हे लक्षात ठेवा, मीच धाडलं.) आमच्या गल्लीच्या टोकाला रब्बी उरी नावाचा तरुण धर्मगुरू वर्ग घेतो. तोराच्या तिसऱ्या पुस्तकातले शुद्ध-अशुद्धाचे सगळे नियम, म्हणजे कोणता प्राणी खावा, कोणता डाग वाईट, कोणी किती दिवस वस्तीबाहेर राहावं, हे सगळं तो माणसाच्या मनाला लावून शिकवतो. त्याचं म्हणणं असं की यरुशलेमचं मंदिर पडून दोन हजार वर्षं झाली, त्यातले बरेचसे नियम आज पाळता येत नाहीत, पण ऐकता येतात. माणूस चांगला आहे. गोड बोलतो. त्याला काय ठाऊक, समोर बसलेला विद्यार्थी घरी जाऊन काय करतो ते.

पहिल्या आठवड्यात रवंथ आलं. ज्या प्राण्याचे खूर दुभंगलेले आणि जो रवंथ करतो तो शुद्ध, हे आपण लहानपणापासून पाठ केलेलं. रब्बीनं सांगितलं की रवंथ म्हणजे कानावर आलेला शब्द लगेच न गिळणं, पुन्हा वर आणून चावणं, आणि मगच उत्तर देणं. झालं! मी विचारावं, अहो, चहा घेणार का? यांनी डोळे मिटावेत. जबडा हलायला लागावा. (खरंच हलायचा, ताई. मी जवळ जाऊन पाहिलं.) चहाचं पाणी आटून भांडं करपायच्या बेताला आलं की उत्तर यायचं, "अर्धा कप." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं कुठे दुखतं, तर हे इतका वेळ चावत बसले की तिनं गुडघ्याची तपासणी सोडून डोक्याचा फोटो काढायला लिहून दिलं. फोटोत काही निघालं नाही, हे मी आधीच सांगितलं असतं.

मग मासे आले. ज्याला पर आणि खवले तोच मासा खावा, हे तर आपल्या पूर्वजांनी कोकणात सगळं विसरूनही विसरलं नव्हतं. पण रब्बीचं म्हणणं, पर म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद आणि खवले म्हणजे लोकांचं बोलणं अंगाला लागू न देणं. हे मला म्हणाले, "मिलका, मला खवले वाढवायचेत." मी म्हटलं, लग्न झाल्यापासून माझा एक शब्द तुम्हाला लागलेला नाही, आता आणखी कुठे वाढवताय? यावर त्यांनी बराच वेळ रवंथ केलं आणि झोपून गेले.

इथपर्यंत मी सोसलं. मग भिंतीवर डाग आला.

आमच्या लेकीच्या, शिरानच्या खोलीला लागून जी भिंत आहे, तिच्यावर छताच्या खाली हिरवट चट्टा उमटला. (शिरान घटस्फोटानंतर आमच्याकडेच असते हे आपल्याला माहीत आहे. त्या वेळी आपण लिहिलं होतं की आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. त्यानंतर आपलं पत्र आलं नाही. असो. आपले डोळे अधू, टपाल महाग.) मी म्हटलं नळवाल्याला बोलावू. तर हे भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. चेहरा पांढराफटक. कारण आदल्याच मंगळवारी वर्गात घराचा डाग झाला होता. तोरात लिहिलंय, भिंतीत हिरवट किंवा तांबूस, खोल गेलेला डाग दिसला तर घरमालकानं कोहेनकडे, म्हणजे अहरोनाच्या वंशातल्या पुरोहिताकडे, जाऊन सांगावं, माझ्या घरात डागासारखं काहीतरी दिसतंय. 'सारखं' म्हणायचं, डाग म्हणायचं नाही, स्वतः कितीही पंडित असलं तरी. कोहेन येऊन तोंडानं 'अशुद्ध' म्हणेपर्यंत घर शुद्धच. आणि तो येण्याआधी घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढायची. का? तर असा डाग त्याच्या घरी येतो, जो शेजाऱ्याला म्हणतो माझ्याकडे ही वस्तू नाही. मग देव त्याचं घर भर रस्त्यात उपसायला लावतो, आणि शेजारी पाहतात काय काय आहे ते.

हे ऐकल्यावर एझ्रांना घाम का फुटला हे मला कळलं. वरच्या मजल्यावर माखलूफ कोहेन राहतो. मोरोक्कोचा, बस चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली. तो वर्षानुवर्षं आमच्याकडे शिडी मागत आला आणि हे वर्षानुवर्षं सांगत आले, "शिडी? आमच्याकडे? छे!" शिडी कपाटामागे उभी.

आणि आपल्या बेने इस्राएलांत तर कोहेन नाहीतच. अहरोनाचा वंशज आणायचा तर बाहेरून. जवळचा वंशज वरच्या मजल्यावर, तोही शिडीवाला. रब्बी उरीनं यांना हात जोडून सांगितलं की एझ्राभाऊ, हा नियम आता चालत नाही, तुम्ही फक्त आत पाहा. हे म्हणाले, आतच पाहतोय, पण आधी सामान बाहेर निघाल्याशिवाय आतलं दिसणार कसं? (यात तथ्य आहे हे मला नंतर पटलं. तेव्हा मी लाटणं शोधत होते.)

तर गेल्या महिन्यात एका बुधवारी आमचं घर अंगणात आलं. पलंग, फ्रीज, मलिद्याची पितळी परात, तुम्ही दिलेली इस्त्री, सगळं. शिरान इस्पितळात कामावर होती, नाहीतर तिनंच हे बंद पाडलं असतं. सगळी इमारत खिडक्यांतून पाहत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या रशियन बाईनं तर मोढा घेऊन गॅलरीत बैठक मारली. शिडी बाहेर आली तेव्हा माखलूफ जिन्यातून उतरत होता. तो थांबला. शिडीकडे पाहिलं, एझ्रांकडे पाहिलं. "छान शिडी आहे," म्हणाला. "नवीन?"

हे रवंथ करायला लागले.

तेवढ्यात मी शिरानच्या कपाटातले कपडे हातावर घेऊन बाहेर आले आणि सगळ्यात वर एक तपकिरी लोकरीचं स्वेटर होतं, पुरुषी. मला वाटलं हिचंच असेल, आजकाल मुली काहीही घालतात. माखलूफनं ते माझ्या हातावरून उचललं. उलटं केलं. डाव्या बाहीवर एका ठिकाणी वीण चुकली होती, तिथे त्याचा अंगठा थांबला. मग तो हळूच त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"हे सोलिकानं विणलंय," म्हणाला. "यारोनसाठी. शेवटच्या हिवाळ्यात."

सोलिका त्याची वारलेली बायको. यारोन त्याचा मुलगा, बीरशेवाला शाळेत गणित शिकवतो. आणि माझी मुलगी बीरशेवाच्याच इस्पितळात नर्स. ताई, माझं गणित कच्चं आहे, पण एवढं मला आलं.

आपल्याला हे समजावून सांगायला नको, तरी लिहिते. कोहेनानं घटस्फोटित बाईशी लग्न करू नये, हेही त्याच पुस्तकात आहे, डागांच्या पुढे थोड्या पानांवर. आणि हा नियम आज चालतो. इथला कोणताही रब्बी त्या दोघांचं लग्न लावणार नाही. सायप्रसला जाऊन सरकारी कचेरीत लग्न करता येतं, इथे नोंदही होते, पण मग यारोनला सिनेगॉगमध्ये कोहेन म्हणून उभं राहता येणार नाही, आणि त्याच्या मुलांना तर कधीच नाही. माझ्या लेकीच्या हातून एवढंच झालं, की पहिल्या नवऱ्यानं तिला टाकलं, आणि सोडचिठ्ठी द्यायलाही रडवलं. आता ती डाग झाली. मी भर अंगणात रडले, ताई. रशियन बाई मोढा घेऊन आत गेली.

एझ्रांनी मात्र भलतंच केलं. ते माखलूफसमोर उभे राहिले आणि वर्गात शिकल्याप्रमाणे म्हणाले, "माझ्या घरात डागासारखं काहीतरी दिसतंय." माखलूफनं स्वेटर सामानावर ठेवलं. मग आत जाऊन भिंत पाहिली, बाहेर येऊन म्हणाला, "सात दिवस बंद." नियम तसाच आहे. शंका असेल तर घर सात दिवस बंद ठेवायचं आणि मग पुन्हा पाहायचं. मला कळेना हा भिंतीबद्दल बोलतोय की पोरांबद्दल. त्यालाही कळत नसावं.

पण मी काही मंगळवारच्या वर्गाला जात नाही. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "घर तू बंद केलंस ना? मग आम्ही झोपायचं कुठे, शिडीवर?"

तो म्हणाला, "वर या."

अशा रीतीनं आम्ही वर राहायला गेलो. शिरान नर्सांच्या वसतिगृहात गेली. तिला फोनवर सगळं सांगितलं तर आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "आई, स्वेटर कुठेय?" वर माखलूफच्या घरात दोन पुरुष आणि मी. तो सकाळी तिखटजाळ लाल रश्श्यात मासा शिजवायचा, मी बिरडं करायचे. त्यानं बिरडं खाऊन विचारलं की ही शिक्षा कशाबद्दल, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सगळ्या गोष्टींवर बोलणं व्हायचं, बसच्या रस्त्यांवर, पंतप्रधानांवर, मिरचीवर. पोरांचं नाव कोणी काढायचं नाही. माझ्या एवढंच लक्षात आलं की त्याच्या न्हाणीघराची भिंत आमच्या डागाच्या बरोबर वर येते आणि तिथे हात लावला की गार लागतं. मी कोणाला बोलले नाही. डाग नळाचा निघाला असता तर आम्हाला त्याच दिवशी खाली जावं लागलं असतं, आणि खाली गेलो की बोलणं कायमचं संपलं.

शनिवारी मी त्यांच्या सिनेगॉगमध्ये गेले. यारोनही आला होता, उंच, लाजाळू, मला पाहून कानापर्यंत लाल झाला. प्रार्थनेच्या शेवटी कोहेन लोक पुढे जाऊन डोक्यावरून शाल घेतात आणि हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद देतात. त्या वेळी त्यांच्याकडे पाहायचं नसतं. मी पाहिलं. बाप-लेक शेजारी शेजारी उभे, शाली एकमेकींत मिसळलेल्या, चार हात एकाच मापाचे. तोपर्यंत मला वाटत होतं की नुकसान माझ्या मुलीचंच आहे. संध्याकाळी माखलूफ आपण होऊन म्हणाला, "मी माझ्या बापाशेजारी असाच उभा राहिलोय, मिलका. तो त्याच्या बापाशेजारी." मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार?

मंगळवारी एझ्रा वर्गाला गेले आणि लवकर परत आले. माखलूफ मासा परतत होता, पाठ आमच्याकडे. हे खुर्चीवर बसले आणि म्हणाले, आज तोच नियम होता. रब्बीनं सांगितलं, कोहेन म्हणजे आपल्या मनातला सेवक आणि घटस्फोटिता म्हणजे आपण एकदा सोडून दिलेला विचार. सोडलेल्या विचाराशी सेवकानं पुन्हा संसार मांडू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि आपले बंधुराज, ताई, जे चहाच्या उत्तराला भांडं करपवतात, ते एक क्षणही न चावता वर्गात उठून उभे राहिले आणि म्हणाले, "रब्बी, ती विचार नाही. ती माझी मुलगी आहे."

माखलूफनं गॅस बंद केला. वळला मात्र नाही.

इतक्या वर्षांच्या संसारात मला या माणसाचा कधी एवढा अभिमान वाटला नव्हता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि आपणही सांगू नये, खवले वाढतील. वर्ग सुटल्यावर रब्बी उरी धावत मागे आला म्हणे. परवानगी द्यायला त्याच्या हातात काही नाही, पण डोळ्यांत पाणी होतं. त्यानं एवढंच सांगितलं, एझ्राभाऊ, डागांचेच नियम पुढे वाचा, नवरदेवाचा नियम वाचा.

सात दिवस भरले, आणि बुधवारी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर आम्ही खाली उतरलो. पहाटे डाग पाहत नाहीत, तिन्हीसांजेला पाहत नाहीत, ढगाळ दिवशी पाहत नाहीत. (हे सगळं मला आता पाठ झालंय, आपल्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.) शिरान आली होती, यारोन आला होता, दोघं अंगणाच्या दोन टोकांना, जणू ओळखच नाही. दार उघडलं. डाग तळहाताएवढा होता तो ताटाएवढा झाला होता. माखलूफ उंबरठ्यावर उभा राहिला. आता हा माणूस तोंड उघडणार, आणि जे म्हणेल ते कायमचं होणार, हे माझ्यासकट सगळ्यांना कळत होतं.

एझ्रा म्हणाले, "माखलूफ, नवरदेवाच्या अंगावर, कपड्यावर, घरावर डाग दिसला, तर लग्नाचे सात दिवस तो पाहायचा नाही, असा नियम आहे. त्याच्या आनंदात कोणी डाग शोधायचे नाहीत. हा नियमच आहे. मी पदरचा सांगत नाही."

माखलूफ म्हणाला, "माहितीय. पण तो लग्न लागल्यावर. हे लग्न आपल्या नियमानं लागतच नाही, एझ्रा."

शिरान वळून फाटकाकडे चालायला लागली. माखलूफनं तिच्या पाठीकडे पाहिलं. मग मान वर केली आणि आभाळाकडे पाहिलं. दिमोनाचं आभाळ, ताई, निळं करकरीत, डोळे दिपवणारं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक चिंधी नाही.

"आभाळ आलंय," तो म्हणाला. "ढगाळ दिवशी डाग पाहत नाहीत."

सगळ्यांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या रशियन बाईनं खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस पडतोय का ते पाहिलं, देव तिचं भलं करो. मग माखलूफनं सामानाच्या ढिगातून स्वेटर काढलं, झटकलं, घडी घालून शिरानच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाहीवरची वीण उसवू नकोस हं, पोरी. सोलिकाला नेहमी घाई असायची." आणि तो वर निघून गेला. शिडी घेऊन.

तेव्हापासून रोज सकाळी तो गच्चीवरून आभाळ पाहतो आणि खाली ओरडतो, "आजही आलंय!" परवा मला हळूच विचारत होता, सायप्रसला उन्हाळ्यात ढग असतात का. मी म्हटलं, असतात.

तर अशी ही ओलीची हकिकत. भिंतीचं काम झालं, रंगही दिला. बाकी सर्व क्षेम. प्रकृतीला जपावं, गोड कमी खावं, मुलाबाळांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक (आपण हसाल, पण लिहायची पद्धत आहे),
मिलका

ता.क. नळवाला आला होता. भिंतीतला फुटका नळ माखलूफचा नव्हे, आमचाच निघाला. गच्चीवरच्या टाकीतून खाली येतो आणि वाटेत त्याच्या भिंतीतून जातो. दोन हिवाळ्यांपूर्वी आपल्या बंधुराजांनी तो स्वतः दुरुस्त केला होता, चिकटपट्टीनं. कोहेनानं सगळ्यांचे डाग पाहावेत पण स्वतःचा पाहू नये, असाही एक नियम आहे; तो बाकीच्यांनाही लागू असावा. माखलूफला अजून वाटतं की चूक त्याचीच, आणि तो रोज मासा पाठवतो. आपण कळवू नये.

ता.क. दुसरा. सायप्रसचं मंदिर पडल्याच्या, म्हणजे आपल्या बिरड्याच्या उपासानंतर, ऑगस्टमध्ये ठरतंय. तिकीट आणि व्हिसा यारोन पाहणार आहे. मेंदीचं पहिलं बोट आत्यानंच लावायचं असतं, आणि शिरानला आत्या एकच. येताना मेंदी, हिरव्या बांगड्या आणि मलिद्यासाठी आपल्याकडचे पोहे आणावेत. इथले पोहे भिजवले की लापशी होते.

ता.क. तिसरा आणि शेवटचा. आपले बंधुराज आपल्याला भितात. आपण एक शब्द वाकडा लिहिलात तर ते जेवण टाकतील, आणि हे सगळं पुन्हा मोडेल. ते आत खुर्चीवर बसून तुमच्या उत्तराचं आत्तापासूनच रवंथ करतायत. तेव्हा ताई, काही म्हणण्याआधी एकदा खिडकीतून बाहेर पाहावं, एवढीच माझी विनंती आहे. ठाण्याला आता चार महिने ढगाळच असतं ना?